इबूच्या अंगातल्या पाच सुया

ब्लिटार, रविवार, २१ जुलै

म्बाक लारस,

तुझा पत्ता रबाब वाजवणाऱ्या पाक सुरोसोकडून मिळवला. त्याच्यावर रागावू नकोस. धाकट्या बहिणीने थोरलीचा पत्ता बाहेरच्या माणसाकडे मागावा हे त्यालाही विचित्र वाटलं, पण त्याने काही विचारलं नाही. तुझा फोन लागत नाही, म्हणून पत्र. जे झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. आपल्या इबूचं अंग दीड वर्षापासून दुखतं आहे. जागा ठरलेली नाही. कधी मान आणि जबडा, कधी पाठ, कधी तळपाय.

२. तीन डॉक्टर झाले. रक्ताच्या तपासण्या झाल्या. कशातच काही निघालं नाही.

३. जबडा आणि खांद्यांचे एक्स-रे आमच्या दवाखान्यात काढले. ते काम माझं असल्यामुळे मीच काढले.

४. त्यांत पाच सुया दिसल्या.

५. बुडे पायनाहने ते चित्र पाहिलं आणि ही करणी तू केलीस असं घरात सांगितलं.

६. इबूने, आपल्या आईने, 'नाही' म्हटलं नाही.

आता तपशील. एक्स-रेच्या आधी अंगावरचा सगळा धातू उतरवायला लावतात. मी इबूच्या कुड्या काढल्या, अंबाड्यातल्या पिना काढल्या. पहिलं चित्र पडद्यावर आलं तेव्हा वाटलं, पिना राहिल्या. आत जाऊन तिचे केस बोटांनी चाचपले. काही नव्हतं. दुसरं चित्र काढलं. पांढऱ्या बारीक रेघा त्याच जागी होत्या. दोन्ही गालांत एकेक, हनुवटीत एक, दोन्ही खांद्यांत एकेक. डावी बाजू आणि उजवी बाजू अगदी सारखी. बाहेरून येऊन घुसलेल्या वस्तू इतक्या नीट बसत नाहीत. माझा अंदाज मी अजून लिहीत नाही.

आणखी एक. चित्र काढताना मी जाड काचेमागे असते आणि आतलं बोलणं मला स्पीकरवर ऐकू येतं. खोलीत इबू एकटी होती. ती म्हणाली, "लारस, किती गार हात तुझे." मी नंतर विचारलं तर म्हणाली, "मी कुठे काय बोलले?" मानेखालची पाटी गार असते हे खरं आहे. तेवढंच कारण असावं.

इबूने ते चित्र माझ्या फोनमध्ये बघितलं आणि फोन तसाच बाकावर ठेवला. बुडेने उचलला. आपल्या मावशीला तू ओळखतेस.

"बघ! मी म्हणत नव्हते? त्या करणीवाल्यांच्या बांजुवांगीला काय नुसतं राहायला गेली का ती?"

"बुडे, ती तिथे नवऱ्याबरोबर खानावळ चालवते."

"खानावळ! सुया तळून विकते की काय? अगं, डॉक्टरच्या मशीनने पकडलं तिला. मशीन खोटं बोलेल?"

"मशीनला धातू दिसतो. कुणी घातला ते दिसत नाही."

"तू गप. चार पुस्तकं शिकलीस म्हणून मावशीला शिकवू नकोस. सुमार्मी, तू बोल. तुझ्याशी भांडून कोण गेलं होतं घरातून?"

इबू बोटांनी चटईच्या काड्या मोजत बसली.

मंत्रतंत्राला भारी मानतात त्या शुक्रवार-क्लिवोनच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे १५ ऑगस्टला, मांत्रिक म्बाह कार्तो ही करणी उलटवणार आहे. ज्याने सुया पाठवल्या त्याच्या अंगात त्या परत जातील, असं तो सांगतो. त्याला तुझ्या अंगावरचा कपडा हवा होता. गाण्याच्या कार्यक्रमात तू घालायचीस तो हिरवा झंपर बुडेने त्याला दिला आहे.

माझा यावर विश्वास नाही. पण तुझं नाव घेऊन काही होणार असेल तर ते तुला माहीत असावं.

अक्षर वाकडं आलं आहे. दिवसभर शिशाचा एप्रन घालून उभं राहिल्यामुळे खांदा अवघडतो.

वेनिंग


ब्लिटार, मंगळवार, ३० जुलै

म्बाक लारस,

पहिलं पाकीट तू सही करून घेतलंस, असं कुरियरवाल्याने सांगितलं. म्हणजे पत्ता बरोबर आहे.

इबूला मलांगला घेऊन गेले होते. सांधे आणि स्नायूंच्या डॉक्टर आहेत, डॉक्टर मेलाती. पन्नाशीच्या, बुटक्या, मोठ्या आवाजात बोलणाऱ्या. त्यांनी आधी एक्स-रे मागितलाच नाही. इबूला पलंगावर बसवलं आणि अंगठ्याने ठिकठिकाणी दाबायला लागल्या. मानेच्या मागे, खांद्यावर, कोपराजवळ, गुडघ्याच्या आतल्या बाजूला. त्यांच्या नखाचा रंगही धड बदलत नव्हता, इतकं हलकं. इबू प्रत्येक वेळी श्वास आत ओढत होती.

"सकाळी उठल्यावर कसं वाटतं, इबू?"

"रात्रभर कुणीतरी माझ्या अंगावर भात कांडल्यासारखं."

"झोप?"

"डोळे मिटतात. झोप नाही येत."

"विसरायला होतं?"

इबू माझ्याकडे बघून मग म्हणाली, "ओळ अर्ध्यात सुटते. चाळीस वर्षं गायलेली ओळ. सूर असतो समोर, शब्द कुणीतरी उचलून नेलेले असतात."

हे ती मला कधी म्हणाली नव्हती. गल्लीतल्या लोकांनी १७ ऑगस्टच्या, स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमात गायला बोलावलं तेव्हा तिने घसा बसल्याचं कारण दिलं होतं.

डॉक्टरांनी तपासण्यांचे सगळे कागद उलटून पाहिले. दुखणं अंगभर, महिनोन्‌महिने, झोपेने थकवा न जाणं, शब्द हरवणं, आणि असं करू शकणारे दुसरे आजार तपासून बाजूला काढलेले. या सगळ्याला मिळून फायब्रोमायल्जिया म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. तपासण्या चांगल्या आल्या याचा अर्थ दुखणं खोटं असा होत नाही, हेही सांगितलं.

"म्हणजे मी सोंग करत नाही?"

"कोण म्हणालं सोंग करता म्हणून?"

"तिन्ही डॉक्टर. तोंडाने नाही. डोळ्यांनी."

डॉक्टर मेलातींनी हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाल्या, "तुम्ही गायिका ना? माईक भोंग्याच्या फार जवळ गेला की काय होतं?"

"किंचाळतो."

"तेव्हा गात कोण असतं?"

"कुणीच नाही."

"पण किंकाळी खोटी असते का? सगळं अंगण कानावर हात ठेवतं. तुमच्या अंगाचं तसं झालंय. मेंदूकडे जाणारा आवाज फार वाढलाय. बाही घासली तरी किंकाळी. आता भोंगा फोडून आत कोण बसलंय ते शोधायचं नाही. आवाज हळूहळू खाली आणायचा."

इबू हसली. मी तिला बऱ्याच महिन्यांनी हसताना पाहिलं. "पण बाई, माईकवाला चांगला पाहिजे," ती म्हणाली.

उपचार असे. झोपण्याआधी एक छोटी गोळी. रोज थोडं चालणं, सुरुवातीला दारापासून मशिदीपर्यंत आणि परत, अंग सोसेल तसं वाढवायचं. बरं वाटलं त्या दिवशी सगळं घर धुवायला घ्यायचं नाही, कारण दुसऱ्या दिवशी ते फेडावं लागतं. ठरलेल्या वेळी झोपणं. बुडे नाण्याने पाठ घासून लाल पट्टे उठवते, ते बंद. पूर्ण जाईल असं वचन डॉक्टरांनी दिलं नाही. कमी होईल, जगता येईल, एवढं म्हणाल्या.

शेवटी मी एक्स-रे दाखवला. त्यांना नवल वाटलं नाही.

"सुसूक," त्या म्हणाल्या. "सोन्याच्या आहेत. रूपासाठी, आवाजासाठी मंतरून कातडीखाली घालतात. गाणाऱ्या, नाचणाऱ्या बायकांमध्ये मी पुष्कळ पाहिल्या. कुणी घातल्या, इबू?"

"कसल्या?" इबू म्हणाली.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही. मला दाराशी थांबवून म्हणाल्या, "यांचा आणि दुखण्याचा संबंध नाही. सुया असून न दुखणाऱ्या बायका आहेत. सुया नसून दुखणाऱ्या तर रोज येतात. पण सुया दिसतात आणि दुखणं दिसत नाही, म्हणून लोक सुयांना धरतात."

माझा अंदाज हाच होता. शिकत असताना वर्गात असं एक चित्र दाखवलं होतं. सगळे हसले होते, मीही.

परत येताना वाटेत साते खायला थांबलो. इबूने नेहमीप्रमाणे मांसाचे तुकडे चमच्याने काडीवरून ताटलीत ओढले. काडी ओठांना लागू दिली नाही. मीही आपोआप तसंच करते आहे, हे माझ्या लक्षात आलं. आपण दोघी लहान असताना तू काडीवरूनच दाताने ओढून खायचीस आणि ती तुला काही म्हणायची नाही. मला मात्र फटका मिळायचा.

गोळ्यांचं पाकीट फळीवर आहे, न फोडलेलं.

वेनिंग


ब्लिटार, रविवार, ४ ऑगस्ट

म्बाक लारस,

इबू बोलली. मी विचारलं म्हणून नाही.

सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. तिला विहिरीकडे जायचं होतं. दोरी मधे होती. ती वाकून दोरीखालून जाऊ शकली असती. तिने कडेकडेने, भिंतीला हात लावत, सगळ्या अंगणाला वळसा घातला. पाऊल टाकताना तिला किती दुखत होतं ते मला दिसत होतं. ती आयुष्यभर अशीच जाते आणि मी आयुष्यभर समजत होते की ओल्या कपड्यांचं पाणी तिला नको असतं.

मी म्हटलं, "इबू, दोरीखालून गेलं की सुसूक उतरतं म्हणतात. काडीवरचं साते खाल्लं तरी. खरं का?"

ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"एकोणीस वर्षांची होते," ती म्हणाली. "सावल्यांच्या खेळाला पहिल्यांदा गायला बसणार होते. म्बाह सारिंतेनने घातल्या. दुखलं नाही. मुंगी चालल्यासारखं झालं फक्त."

म्बाह सारिंतेन, जिने पुढे तुला गाणं शिकवलं, ती. मला तिचा चेहरा आठवत नाही, फक्त तिच्या तोंडातल्या पानाचा वास आठवतो.

"मग बुडेला सांग. लारसचं नाव गल्लीभर झालंय."

"पायनाहला सांगायचं म्हणजे चौकात भोंगा लावायचा. उद्यापासून लोक म्हणतील, सुमार्मी कुठे गात होती, सुया गात होत्या."

"आणि लारसबद्दल काहीही म्हटलं तरी चालेल?"

"ती लांब आहे," इबू म्हणाली. "लांबच्या माणसाला बोलणं ऐकू जात नाही."

तिने हे सांगताना आवाज चढवला नाही. मी तसंच लिहिते आहे.

मग तिने मला विचारलं, कार्तोला खरंच येत असेल का. मी म्हटलं, त्याला काही येत नाही. ती म्हणाली, "तू म्हणतेस. पण येत असलं तर? सुया परत जायला निघाल्या तर घालणारीकडे जातील. ती तर जमिनीखाली आहे. मग जिने दिवा धरला होता तिच्याकडे जातील."

"कुणी धरला होता दिवा?"

"लारसने."

मी तिला सांगितलं की ती एकोणीस वर्षांची असताना तू जन्मलेलीही नव्हतीस. ती माझ्याकडे बघत राहिली, तोंडाकडे, डोळ्यांकडे नाही. मग विहिरीकडे गेली. जाताना गुणगुणत होती. ओळ अर्ध्यात सुटली तेव्हा थांबली, आणि मला असं वाटलं की उरलेली ओळ मी पुरी करावी म्हणून ती वाट बघते आहे. मी गात नाही, हे तुला माहीत आहे.

दुपारी तिने अट सांगितली. सारिंतेनने मरण्याआधी सुया उतरवायचे शब्द तुला दिले, असं ती म्हणते. ते दुसऱ्या कुणाकडे नाहीत. सुया अंगात असताना जीव सुटत नाही, माणूस नुसतं दुखत पडून राहतं, आणि तिचं आता तेच चाललं आहे, असा तिचा समज आहे. तू येऊन ते शब्द म्हटलेस तर ती गोळी घेईल, चालायला लागेल, मी सांगेन ते करील. आणि सुया तिच्याच आहेत हे ती बुडेसमोर बोलेल. तोपर्यंत काही नाही.

मी डॉक्टर मेलातींना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, "कातडी कापणार आहेत का?" मी म्हटलं, नाही, शब्द म्हणायचे आणि अंगाला फुलांचं पाणी लावायचं. त्या म्हणाल्या, "मग म्हणू देत. त्याने तिला झोप लागली तर मी त्या शब्दांची ऋणी आहे. गोळी मात्र त्याच दिवशी सुरू करायची."

शब्दांनी सोनं विरघळत नाही. नंतर एक्स-रे काढला तर पाचही सुया जागच्या जागी दिसतील. ते चित्र मी काढणार नाही.

वेनिंग


ब्लिटार, शुक्रवार, ९ ऑगस्ट

म्बाक लारस,

तू दिवा कधी धरलास ते मला कळलं.

सोमवारी काम संपल्यावर माझ्याबरोबरच्या मुलीला मी माझा एक्स-रे काढायला सांगितलं. दात दुखतो असं कारण दिलं. ती काचेमागे गेली, मी पाटीवर हनुवटी टेकवली. बाहेर आले तेव्हा ती पडद्याकडे बघत होती. "म्बाक वेनिंग, गळ्यातलं काढायचं राहिलं का हो?" ती म्हणाली.

मी गळ्यात काही घालत नाही.

एक आहे. हनुवटीच्या खाली, मधोमध. इबूच्या सुयांपेक्षा आखूड.

मी चित्र घरी नेलं आणि इबूसमोर धरलं. ती घाबरली नाही. तिने माझ्या हनुवटीखाली बोट टेकवलं, जागा न शोधता.

"तीन वर्षांची झालीस तरी बोलत नव्हतीस," ती म्हणाली. "ऐकायचीस सगळं. बघायचीस. तोंडातून हुंकारसुद्धा नाही. पायनाह म्हणायची, मुकी आहे. सारिंतेनला बोलावलं. लारसने दिवा धरला. तुझ्यापेक्षा तीच जास्त रडली."

"आणि मी?"

"तू नाही रडलीस. दुसऱ्या दिवशी पाणी मागितलंस. 'पाणी दे' म्हणालीस. पहिल्याच दिवशी पुरं वाक्य."

"तीन वर्षांची मुलं कधीतरी बोलायला लागतातच, इबू."

"हो," ती म्हणाली. "बाकीची लागतात."

तुझ्या अंगात तिने एकही घातली नाही. मी विचारलं, का. "तिला कशाला?" ती म्हणाली. "तिचा गळा आयताच होता." तुम्ही दोघी का भांडलात ते मला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं हे बोलणं ऐकल्यावर विचारावंसं वाटलं नाही.

आता मी जे लिहिलं नव्हतं ते. माझा खांदा एप्रनमुळे दुखत नाही. एप्रन न घातलेल्या दिवशीही दुखतो. दोन्ही खांदे, कंबर, आणि सकाळी तळहात. वर्ष होत आलं. इबूला मलांगला नेलं त्या दिवशी निघताना डॉक्टर मेलातींनी माझ्या मानेवर अंगठा ठेवला होता, सहज, निरोप घेतल्यासारखा. मी दचकले. त्यांनी विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, काही नाही. बुधवारी मी एकटी परत गेले आणि खरं सांगितलं. त्यांनी सगळं पुन्हा तपासायला लावलं. हा आजार एकाच घरात पुष्कळदा दिसतो, आणि सुई त्याचं कारण नाही, असं त्या म्हणाल्या. मला ते समजतं. पटतंही. गोळी सुरू केली आहे, मशिदीपर्यंत चालून येते.

तरीही एक लिहिते, तू कुणाला सांगणार नाहीस म्हणून. चित्र पाहिल्यापासून मी बोलून थांबते तेव्हा हनुवटीखाली काहीतरी क्षणभर चालू राहतं, वाक्य माझ्यानंतर संपल्यासारखं. मनाला एकदा सांगितलं की अंगाला जाणवायला लागतं, याला नाव आहे, ते मला माहीत आहे. काल इबू विहिरीवर गाता गाता अडली आणि उरलेली ओळ मला ऐकू आली. दारात बुडे उभी होती. ती म्हणाली, "अगंबाई, वेनिंग, तू कधीपासून गायला लागलीस?"

इबू वळून बघत नव्हती. घागर भरून वाहत होती.

माझी सुई काढायची की नाही, ते मी ठरवलेलं नाही. त्याबद्दल मी तुला काही मागत नाही.

मागते ते इबूसाठी. ती आता उठताना दाराची चौकट धरते. जेवणं निम्म्यावर आलं आहे. गोळ्यांचं पाकीट अजून फोडलेलं नाही. माझी गोळी दाखवून मी तिला सांगितलं की मला झोप लागायला लागली, तर म्हणाली, "तुझ्यात एक आहे. माझ्यात पाच." गुरुवारी करणी उलटवायला कार्तोने तुझा झंपर जाळला की बुडे तिला बरी झाली असं जाहीर करील, आणि त्यानंतर इबूला दुखतं म्हणायचीही सोय राहणार नाही. ती गप्प पडून राहील. मला त्या झंपराची भीती नाही. याची आहे.

तुझा या शब्दांवर विश्वास आहे का, मला माहीत नाही. मी विश्वास ठेव म्हणत नाही. तू येऊन ते तिच्याजवळ बसून म्हणावेस, एवढंच. ती तुझ्याशी कशी वागली ते विसरून ये, असंही मी म्हणत नाही. बुडेसमोर ती बोलेल तेव्हा तू तिथे असावीस. 'येते' एवढा शब्द आला तरी गुरुवारच्या आधी बोलायचं तिने माझ्याजवळ कबूल केलं आहे.

तू येणार नसशील तर कार्तोच्या अंगणात मी जाईन. इबूचं चित्र दाखवायचा मला हक्क नाही. माझं दाखवीन. गल्ली जमलेली असेल. ही सुई कुणी घातली आणि दिवा कुणी धरला तेही सांगेन, म्हणजे करणीचा प्रश्न राहणार नाही. तुझं नाव त्यात येईल, म्हणून आधी कळवते आहे.

येणार की नाही, ते बुधवार, १४ ऑगस्ट, दुपारपर्यंत कळव. माझा नंबर पाकिटावर आहे. 'नाही' असेल तरी कळव.

वेनिंग